पाणी फिरेपर्यंत

सव्वीस जानेवारीला सकाळी आठच्या आत पाण्यात उतरायचं असं ठरलं होतं, आणि पावणेनऊ वाजले तरी आम्ही कॉलनीच्या आवारात झेंड्याखाली जिलबी खात उभे होतो. याला कारण एकच, पार्वती भोईर. "झेंडावंदन झाल्याबिगर मी हलनार न्हाय," असं तिनं जाहीर केलं होतं. जी बाई आजवर एकदाही झेंडावंदनाला वेळेवर आली नव्हती, तिला नेमकं त्याच दिवशी देशप्रेमाचं भरतं आलं होतं.

माझ्या बहिणीचा मुलगा मिलिंद टेम्पोपाशी येरझाऱ्या घालत होता. टेम्पोत तीन पिवळ्या कयाक दोरीनं बांधल्या होत्या. प्लॅस्टिकच्या, दोन माणसांनी पुढेमागे बसून वल्हवायच्या लांबट होड्या. ठाण्याच्या एका ओळखीच्या ग्रुपकडून त्यानं त्या दिवसापुरत्या मागून आणल्या होत्या. मिलिंद बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी बघत हिंडतो. सकाळी फिरायला जाणारी आमची टोळी त्याच्या मागे लागली, आम्हालाही खाडीत ने म्हणून. टोळीच्या डोक्यात ते भरवलं कुणी, तर पार्वतीनंच.

"मावशी, भरती पूर्ण असताना उतरायला हवं," मिलिंद म्हणाला. "कोन गावापाशी उतरायचं आणि ओहोटीबरोबर कशेळीच्या पुलापर्यंत जायचं, असा बेत आहे. पाणी काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"मला काय सांगतोस? तिला सांग."

त्यानं सांगितलं. पार्वतीनं त्याच्या हातावर आणखी दोन जिलब्या ठेवल्या.

पार्वती माझी शेजारीण. तिची एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तिचं माहेर खाडीकाठचं, तिवरपाड्याचं. भात, मीठ आणि मासळी यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेलं आगऱ्यांचं घर. रस्त्याकडची शेतं गोडाऊनवाल्यांना हवीहवीशी झाली, तसा तिचा भाऊ केसरीनाथ तिच्याकडे हक्कसोडीची सही मागायला आला. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. आमच्याकडे त्या वर्षांत अशा सह्या घरोघर झाल्या. बहिणी नवी साडी नेसून जायच्या, सही करायच्या, पेढा खाऊन परत यायच्या. पार्वती म्हणाली, "न्हाय." का नाही, ते तिनं नवऱ्यालासुद्धा धड सांगितलं नाही.

"मंग माज्या दारान येऊ नको," केसरीनाथ म्हणाला, आणि त्यानं ते खरं केलं. नव्या बंगल्याला त्यानं लोखंडी गेट लावलं होतं. भाऊबीजेला पार्वती ताट घेऊन गेली, तर वॉचमन आतूनच म्हणाला, "साहब ने मना किया है." आत तिची आई, धोंडूबाई. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली. दोन वर्षं झाली, लेकीला आई दिसली नव्हती. फोन केला की केसरीनाथ म्हणे, "तिला ऐकू येत न्हाय," आणि ठेवून देई. वर भावकीत सांगत फिरे, की पारूनं सही करावी ही आयचीच इच्छा आहे.

हे सगळं मला माहीत होतं. पण त्या सकाळी ते माझ्या ध्यानात आलं नाही. मला नुसता राग येत होता.

कोनला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. एका कयाकमध्ये मिलिंद आणि पार्वतीची कॉलेजातली मुलगी करिष्मा. दुसऱ्यात माझे यजमान यादव आणि शेजारचे अनंता. अनंतांचं वजन असं, की ते मागे बसल्यावर पुढचे यादव हवेत उचलले गेले. तिसऱ्यात मागे मी, पुढे पार्वती. सगळ्यांच्या अंगात फुगीर नारिंगी जाकिटं. मी पंजाबी ड्रेस घातला होता. पार्वतीनं आईसारखं लुगडं गुडघ्यावर खोचून नेसलं होतं. चिखलापाण्याचं काम करायला त्याहून सोयीचा कपडा अजून शिवला गेलेला नाही, हे मला दुपारी कळलं.

खाडी सुंदर होती असं मी म्हणणार नाही. काठाला पिशव्या अडकलेल्या, एका नाल्याच्या तोंडाशी डाइंगवाल्यांच्या रंगाचं जांभळं पाणी. पण कोनचा पूल मागे पडला, दोन्ही बाजूंनी तिवरं सुरू झाली आणि माझी बडबड आपोआप थांबली. एक खंड्या आमच्या पुढे पुढे उडत होता, जणू वाट दाखवायला नेमलाय. चिखलात निवट्या नावाचे बोटभर मासे शेपटीवर उड्या मारत होते. लाल नांगीचे खेकडे आम्ही जवळ गेलो की एकदम बिळात, आणि पुढे सरकलो की एकदम बाहेर. बगळे तर इतके, की अनंता म्हणाले, "कुणीतरी धुणं वाळत घातलंय." तीस वर्षं मी भिवंडीत राहते. लूमच्या खडखडाटात झोपते आणि उठते. तासाभराच्या अंतरावर इतकी शांतता आहे आणि ती मला कुणी सांगितली नाही, याचाही मला राग आला.

वल्हवण्याचं म्हणाल, तर आमची कयाक मी एकटी चालवत होते. पार्वतीचं वल्हं पाण्याला नुसतं लागत होतं. मिलिंद पुढे जाऊन थांबायचा, आम्ही पोचायचो आणि पार्वतीला तहान लागायची. मग भूक लागायची. मग चप्पल वाहून गेली. ती मी मागे जाऊन आणली.

"पार्वती, हात मोडलेत का तुझे?"

"कसली घाई गो तुला? पानी जातंय ना आपल्याला घेऊन."

पाणी जात होतं खरं. काठाचा ओला चिखल दर वळणाला उंच दिसायला लागला होता.

एका ठिकाणी उजव्या हाताला तिवरांतून एक अरुंद फाटा आत शिरत होता. पार्वती एकदम ताठ बसली. "मिलिंद," तिनं हाक मारली, "तू ऊद बघितलास काय कवा? पानमांजर?"

मिलिंदचं वल्हं थांबलं. "नाही मावशी. इथं आता कुठले असायला?"

"या फाट्यान असत. आमी पोरं असताना टोळीनं बघायचो. आन ते रंगीत करकोचे पन आतच बसतात."

करकोचे मात्र खरंच निघाले. शे-पावलं आत गेलो तर तिवरांच्या शेंड्यांवर पिवळ्या चोचीचे, पिसाऱ्यात गुलाबी झाक असलेले चित्रबलाक बसलेले. मिलिंदचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आणखी थोडं आत, आणखी थोडं, असं करिष्मा त्याला पुढे नेत राहिली. एका बांधावरून दिवसाढवळ्या कोल्हा चालत गेला. मध्येच थांबून त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, की हे कोण नवे येडे. मी हसले, आणि तेवढ्यात माझं वल्हं पाण्याऐवजी चिखलात रुतलं.

"पार्वती, पाणी उतरतंय. मागे फिरायला हवं."

ती वळली नाही. पाठमोरीच बोलली. "आज अष्टमी हाय. भांगाचं पानी. मुळात कमी चढतं आन या फाट्यातून आधी सुकतं. एवढ्यात तल उघडा पडंल. मंग सांजच्या भरतीबिगर हितून कोन हलनार न्हाय."

मी वल्हं मांडीवर ठेवलं. "तुला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"पुढं वळन हाय. त्याच्या पल्याड आमचा धक्का. जुनं घर धक्क्याच्या वर. आय अजून तिथंच ऱ्हाते, बंगल्याच्या लादीवर तिचा पाय सरकतो." तिचा आवाज अगदी साधा होता. "गेट रस्त्याकडं हाय, कौसल्या. पान्याकडं दादानं गेट न्हाय लावला."

झेंडा, जिलबी, तहान, चप्पल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. अशी चिडले मी, की वल्हं तिच्या पाठीत घालावंसं वाटलं. पाच माणसं या बाईनं चिखलात आणून सोडली होती आणि एकालाही विचारलं नव्हतं.

"आणि त्यानं धक्क्यावरनंच हाकललं तर?"

"हाकलता येत न्हाय. पान्याबरुबर जो आयला तो पानी फिरेपरयंत घरचा. आमच्या गावचा नेम हाय. माज्या बापाचा एकाशी कोर्टात दावा चालू व्हता. त्याची होडी आमच्या धक्क्याला अडकली. बापानं त्याला जेवू घातला, निजायला गोधडी दिली, भरतीला होडी ढकलून दिली. आन दुसऱ्या दिवशी कोर्टान त्याच्यासमोर उभा ऱ्हायला."

"तो तुझा बाप होता. हा केसरीनाथ आहे."

"म्हनून तं बघायला आयले," पार्वती म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा तिनं वल्हं जोरात मारलं. मीही मारलं. राग होताच, पण दोन वर्षं आई न दिसणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. मला माझ्या आईला भेटायला कुणाच्या गेटची परवानगी लागली नव्हती.

वळण घेतलं आणि धक्क्याच्या दहा हात अलीकडे आमची कयाक बसली. मागच्या दोन्हीही बसल्या. अनंता घाईघाईनं उतरायला गेले, कमरेपर्यंत चिखलात गेले आणि असे ओरडले, की तिवरांवरचे सगळे करकोचे उडाले. धक्क्यावर एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली. "कोन हाय? पारू? पारूच ना गो?"

"मीच, नवशाकाका."

ओरडा ऐकून बंगल्याकडून केसरीनाथ आला. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, हातात मोबाइल. सहा चिखलभरली माणसं आणि त्यांत लुगडं खोचून उभी असलेली आपली बहीण बघून तो बांधावरच थबकला. भाचीकडे नजर गेली तेव्हा त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग पुन्हा घट्ट झाला.

"कशाला आयलीस?"

"आयला बघायला."

"सही करतेस?"

"न्हाय."

"मंग आयलीस तशी जा."

"पानी न्हाय, दादा," पार्वती म्हणाली.

केसरीनाथनं फाट्याकडे पाहिलं. फाट्यात चिखलाशिवाय काही उरलं नव्हतं. त्यावर खेकडे फिरत होते. माझ्या पायाखाली चिखल खचत होता आणि मनात मी त्या माणसाला जे जे म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही. नवशाकाकानं जाळ्यातली सुई काढली, दोरा दातानं तोडला आणि वर न बघता म्हणाला, "केसरी, पान्यावरून आयलीत ती. तुज्या बापानं दावेदाराला गोधडी दिली व्हती."

केसरीनाथनं मोबाइल खिशात टाकला. "पानी फिरलं का एक घटका थांबायचं न्हाय," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

पार्वती त्या दहा हातांच्या चिखलातून कशी गेली ते सांगता येणार नाही. आम्ही बाकीचे एकमेकांना धरत, पडत, चपला शोधत पोचलो तोवर ती जुन्या घरात शिरलेली होती.

धोंडूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. इतकीशी झालेली. लेकीनं पायांना मिठी मारली तर म्हातारीनं डाव्या हातानं तिचं लुगडं चाचपलं आणि म्हणाली, "भिजलीस गो." जीभ जड झाली होती, एकेक शब्द सावकाश यायचा. ऐकू मात्र तिला चांगलं येत होतं, अगदी माझ्यापेक्षाही. पार्वती रडली. सकाळपासून दगडासारखी असलेली बाई अशी रडली, की यादव आणि मिलिंद बाहेर जाऊन उभे राहिले. मीही रडले. मग मला आठवलं की मी तिच्यावर चिडलेली आहे, पण तोवर उशीर झाला होता.

केसरीनाथच्या बायकोनं सगळ्यांना पाणी दिलं. घरच्या पेल्यांतून, मलाही त्याच पेल्यातून. माझ्या आईला अशाच एका घराच्या अंगणात ओंजळीत वरून पाणी घालत. आईला हे बघायला मिळायला हवं होतं, असं वाटलं. मग तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, सुक्या बोंबलांचं कालवण झालं. पार्वतीनं आईला भरवलं, नखं कापली, केस विंचरले. करिष्मा आजीचा निकामी हात मांडीवर घेऊन बसली. मिलिंद मात्र धक्क्याखाली ओणवा होऊन चिखलात कसले तरी पायांचे ठसे बघत होता. "मावशी, हे उदाचे असू शकतात," असं तो मला दोनदा येऊन सांगून गेला. त्याच्यावर काही अन्याय झालाय असं त्याला वाटतच नव्हतं.

केसरीनाथ आमच्याबरोबर जेवला नाही. दारात खुर्ची टाकून बसला होता. ऊन कलल्यावर म्हणाला, "आय, सांग हिला. तुजी इच्छा काय हाय ती सांग. सगळ्यांसमोर सांग."

पार्वतीचा विंचरणारा हात थांबला. मला वाटलं, संपलं. आईनं नुसतं "कर गो" म्हटलं असतं, तर ही सही करणार होती. नवऱ्याला, भावकीला, कुणाला न मोजणारी बाई त्या एका शब्दाला मोजणार होती. तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. कदाचित आईसमोर यायची ओढ होती तितकीच भीतीही तिला म्हणूनच होती.

धोंडूबाईनं डावा हात खाटेवर रोवून अंग सावरलं.

"मी दिला व्हता अंगठा," ती म्हणाली. "माज्या भावांना. पेढा खाल्ला. लुगडं आनलं व्हतं त्यांनी मना, हिरवं." लाळ पुसायला करिष्मा वाकली, तर तिनं हातानं थांबवलं. "त्या दिसापासून मना न्यायला कोन आयला न्हाय. सणाला न्हाय. भाऊ मेला, तं तेराव्यानंतर कललं."

"तेव्हाचं येगलं, आय..."

"गप. दोन वर्सं तू हिच्या नावानं बोटं मोडतोस. पन नाव तं घेतोस. सही दिली, का ते पन घेनार न्हाय." मग ती लेकीकडे वळली. "देऊ नको गो."

केसरीनाथ उठला. त्याच्या चपलांचा आवाज अंगणातून धक्क्याकडे गेला. बंगल्याकडे नाही गेला, एवढं माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी फाट्यात पाणी चढायला लागलं. आधी चिखलावर नुसती एक चकाकती रेघ, मग तिच्यावर दुसरी. कुणी सांगायच्या आत पार्वती उठली. नेम तिनं वापरला होता, तेव्हा तो पाळणंही तिच्याकडे आलं. आईच्या गालावरून तिनं हात फिरवला आणि म्हणाली, "येते." म्हातारीनं तिचा पदर धरला होता. तिनं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला. ते मला बघवलं नाही.

कयाक तरंगायला लागल्या होत्या. केसरीनाथ गुडघाभर पाण्यात उभा होता. पांढऱ्या विजारीची वाट लागली होती. अनंता आणि यादव यांची कयाक त्यानं ढकलून दिली, मग मिलिंदची. भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. शेवटी आमची. टोक हातात धरलं आणि सोडेचना.

"गेट मी उघडनार न्हाय," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"नको उघडूस," पार्वती म्हणाली.

"सही केल्याबिगर उघडनार न्हाय."

"बरं."

खंड्या कुठंतरी ओरडला. केसरीनाथनं गळ्यातली साखळी सदऱ्याच्या आत सारली, पुन्हा बाहेर काढली.

"पुढल्या शुक्कुरवारी माघाची पुनव," तो म्हणाला. "उधान हाय. दुपारचं पानी आयच्या वट्याच्या पायरीला लागतं. आज भांगाचं व्हतं." त्यानं बहिणीच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "उगाच चिखलान कशाला उतरतेस."

आणि त्यानं असा जोर लावला, की आमची कयाक सरळ फाट्याच्या मध्यावर गेली.

पार्वतीनं मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. जुन्या घराच्या ओट्यावर केसरीनाथची बायको धोंडूबाईला खुर्चीत बसवत होती. म्हातारीचा डावा हात वर होता. फाट्याच्या तोंडाशी आल्यावर मुख्य खाडीतली भरती आम्हाला उलटी कोनकडे घेऊन निघाली, तरी पार्वती वल्हवतच होती. सकाळी पाण्याला नुसतं टेकणारं तिचं वल्हं आता असं चालत होतं, की उडणाऱ्या पाण्यानं मी मागे भिजून निघाले. तिचे खांदे हलत होते, रडण्यानं की वल्हवण्यानं ते मी विचारलं नाही.

"मिलिंद," तिनं पुढे हाक मारली, "शुक्कुरवारी या होड्या पायजेत."

"मावशी, शुक्रवारी बँक चालू असते."

"रजा टाक. उदाचे ठसे बघितलेस ना? मंग ऊद बघायचा हाय का न्हाय तुला?"

तो उरलेल्या रजा बोटांवर मोजायला लागला, म्हणजे तयार झाला. मीही पोस्टात रजेचं काय सांगायचं याचा विचार करायला लागले होते. पार्वतीनं ओल्या हातानं तोंड पुसलं आणि सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

"आन सकाली वेळेवर निघायचं," ती म्हणाली. "जिलबी-बिलबी काय न्हाय."